पाकीट आधीच उघडलेलं होतं

लिंबायत, सुरत
१० फेब्रुवारी १९९८

प्रिय नूतन,

जाड पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे सुखरूप आहेत. एरवी मी आंतरदेशीय पत्रावर खुशालीच्या चार ओळी लिहिते आणि खालच्या रिकाम्या जागेत प्रियांका मोर काढते. आज तिच्या वहीतली पानं फाडून घेतली आहेत. आंतरदेशीय पत्र उजेडाला धरलं की बाहेरून निम्मं वाचता येतं, आणि तुझ्या सासरी टपाल आधी कुणाच्या हाती पडतं ते मला माहीत नाही. म्हणून पाकीट, तेही खळ लावून दोनदा चिकटवलेलं. उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं दिसलं तर मला कळव. बघ, पहिल्याच परिच्छेदात माझा स्वभाव दिसला. कुणी काही फोडून वाचलं असेल, कुणी आपल्या पाठीमागे काही ठरवलं असेल, असं एकदा मनात आलं की ते तिथेच बसून राहतं. माहेरी असताना मी अशी नव्हते, तुला माहीत आहे. मी अशी केव्हा झाले तेच आज लिहायचंय, पण एकदम तिथे पोचता येणार नाही मला. थोडा वेळ काढून वाच, आणि एकटी असताना वाच.

सासूबाई भाच्याच्या लग्नाला शिंदखेड्याला गेल्यात, त्यामुळे आठ दिवस घर माझं एकटीचं आहे. बाहेर निवडणुकीच्या रिक्षा भोंगे लावून गल्लीगल्लीत फिरताहेत, कुणाचं ऐकू येत नाही. तुझ्या दाजींना बमरोलीच्या कारखान्यात दिवसपाळी आहे. लूम बिघडला की दुरुस्त करणारा तिथे त्यांच्यासारखा दुसरा नाही, त्यामुळे पाळी संपली तरी त्यांना कुणी सोडत नाही. मी साड्यांवर खडे चिकटवायचं काम अजून घेतेच. बोटांना डिंक लागलेला असतो, कागदावर डाग दिसले तर त्याचे आहेत. प्रियांका पहिलीत चांगली चाललीय. शाळेत गुजराती, घरात आजीशी अहिराणी, आणि माझ्यावर रागावली की हिंदी. शनिवारी तिला रक्त चढवून आणलं. या वेळी शीर तिसऱ्या टोचणीला सापडली. रडली नाही. सिस्टरला म्हणाली, डाव्या हाताला बघा, उजवा आता थकलाय.

तिचा आजार आधी तुझ्याच लक्षात आला होता, आठवतं? तू सुट्टीत इकडे आली होतीस, ती आठ महिन्यांची होती. तू म्हणालीस, ताई, हिचे ओठ पांढरे का दिसतात गं? मी म्हटलं, गोरी आहे म्हणून. मग ताप आला, सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून डॉक्टरबेनकडे पाठवलं, आणि त्यांनी आम्हा दोघांचंही रक्त तपासलं. मला थॅलेसेमिया मायनर, यांनाही मायनर. आम्हाला स्वतःला काहीच त्रास नाही, पण दोघांचं मिळून पोरीला मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त, जन्मभर. डॉक्टरबेन फार समजावून सांगणाऱ्या. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चार गोल काढले आणि एक काळा केला. म्हणाल्या, पुढे मूल झालं तर चारात एक असं निघू शकतं. सासूबाईंनी घरी येऊन लगेच हिशेब मांडला, "चारमधली एक व्हई गई, आते तीन चांगलाच निंघतीन." खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. एक काळा आमच्या वाट्याला येऊन गेला, आता तीन कोरे राहिले. तसं नसतं म्हणे. प्रत्येक वेळी चारही गोल नव्याने काढायचे. हे कळायला मला चार वर्षं लागली.

शहाण्णवच्या आखाजीच्या सणाला मी माहेरी आले होते, तेव्हा मला दिवस गेलेले होते आणि ते फक्त तुला कळलं. मी शपथ घातली म्हणून तू आईलाही बोलली नाहीस. का लपवत होते? सासूबाई काय म्हणतील याची भीती, डॉक्टरबेन काय म्हणतील याची त्याहून जास्त. न सांगितलं तर तपासणी होणार नाही, आणि तपासणी झाली नाही तर काही वाईट निघणारच नाही, असं काहीतरी मनात धरून बसले होते. यांना सांगितलं तेव्हा तिसरा महिना संपला होता. हे रागावले नाहीत. चप्पल घातली आणि मला तशीच डॉक्टरबेनकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, उशीर केलात, पण अजून वेळ आहे. मुंबईला जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. आजार आहे की नाही ते कळतं. पुढचं तुम्ही ठरवायचं.

आता इथून माझं मन कसं फिरत गेलं ते सांगते. मुंबईच्या तपासणीचं घरात कळलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना सासूबाई मला ऐकू जाईल अशा बेताने यांना म्हणाल्या, "आंडोर व्हई तं ऱ्हाऊ द्या, कसा बी ऱ्हाओ." मुलगा असला तर कसाही असो, ठेवा. म्हणजे मुलगी असली तर? ते त्या बोलल्या नाहीत. मी मात्र ते पुरं करून घेतलं. त्याच दिवसांत आमच्या रस्त्यावरच्या सोनोग्राफीच्या दुकानाला नवी पाटी लागली होती, इथे मुलगा-मुलगी सांगितलं जात नाही. त्या वर्षीच कायदा आला होता. पण पाटीचा रंग वाळायच्या आत त्या पायऱ्यांवर बायकांची रांग पुन्हा दिसायला लागली. कुणाला चौथ्या महिन्यात एकाएकी पोटात दुखायला लागायचं, कुणाचा पाय घसरायचा. कुणी कुणाला विचारत नसे. अशा गल्लीत राहून मी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यावर विश्वास ठेवायला निघाले होते. पोटात सुई घातल्यावर त्यांना सगळंच दिसत असेल ना, मग ते आजाराचंच तेवढं सांगतील कशावरून?

तपासणी झाली. भूल दिली नाही, लांब सुई होती, हे बाहेर बाकावर होते. रिपोर्टला दोन आठवडे लागतील म्हणाले. रिपोर्ट आणायला हे एकटे गेले, कारण प्रियांकाची रक्ताची तारीख तेव्हाच होती. सकाळच्या गाडीने गेले. संध्याकाळी यायला हवे होते. आले दुसऱ्या दिवशी दुपारी. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. पाकीट आधीच उघडलेलं होतं. आतला कागद इंग्रजी, टाइप केलेला, खाली दोन सह्या. मी दहावी झालेली, तीही आपल्या गावातली, मला त्यातलं माझं नाव तेवढं वाचता आलं. हे म्हणाले, मेजर आहे. प्रियांकासारखंच.

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल सांग. आजाराचा नाही. विचारलं, काल कुठे होतात? ते म्हणाले, तिथेच. मी विचारलं, पाकीट कुणी फोडलं? ते म्हणाले, मी. आणि मग ते आंघोळीला गेले. नूतन, संशयाला फार काही लागत नाही गं. एक रात्र आणि एक पाकीट पुरतं.

त्यानंतरचे आठ दिवस मी कुणाला कधी सांगितले नाहीत. लोकांना वाटतं आईबाप असलं काही एकदाच बसून ठरवतात. तसं होत नाही. मी सकाळी प्रियांकाची वेणी घालताना ठरवायचे, ठेवायचं. ही आहे ना आपल्याजवळ, हसते, भांडते, मोर काढते. हिच्यासारखंच दुसरं आलं तर काय बिघडलं? आणि दुपारी तिच्या पोटावरून हात फिरवला की प्लीहा हाताला लागायची, कडक, वाढलेली, आणि मग मला ठरवलेलं आठवतसुद्धा नसे. डॉक्टरबेनना मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्ही डॉक्टर आहात. त्या म्हणाल्या, हे मी सांगायचं नसतं, वर्षाबेन, मी फक्त वेळ किती उरलाय तेवढं सांगू शकते. मला राग आला. वाटलं, त्यांना माहीत असलेलं काहीतरी आहे, म्हणून हात झटकताहेत. यांना विचारलं तर म्हणाले, तू म्हणशील ते. मला तेही चांगलं वाटलं नाही. वाटलं, उद्या कुणी विचारलं तर म्हणायला मोकळे, की बायकोनेच ठरवलं. कारखान्यातून येऊन ते रोज माझ्या शेजारी नुसते बसून राहायचे, आणि मी मनात म्हणायचे, बसलेत वाट बघत, मी कधी हो म्हणते याची.

रक्त चढवायच्या खोलीत कोसाडहून येणारी रुक्मिणी म्हणून एक आहे. तिची दोन्ही मुलं मेजर, शेजारशेजारच्या खाटांवर असतात. दुसऱ्याच्या वेळी तिला तपासणीचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला विचारलं, सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? तिने धाकट्याची चादर नीट केली. मग म्हणाली, धाकट्याकडे बघून मला याचं उत्तर कसं देता येईल, ताई? आणि आपणहूनच पुढे म्हणाली, "एकाला सुई टोचताना दुसरा बघत असतो. त्याला माहीत असतं, आता आपली पाळी." बस, एवढंच. ठेव म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी घरी आले आणि यांना सांगितलं, नको. मी सांगितलं, नूतन. मला कुणी ढकललं नाही, दटावलं नाही. हे वाक्य मी तुला दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं, आणि मी ते लिहिलं नाही.

डॉक्टरबेननी दिलेल्या चिठ्ठीवर इथल्याच एका दवाखान्यात दाखल झाले. साडेचार महिने होत आले होते, त्यामुळे कळा आणाव्या लागल्या. आदल्या दोन दिवसांत मला आत हालचाल जाणवायला लागली होती. ती मी कुणालाच सांगितली नाही, यांनाही नाही. दिवसभर कळा सोसल्या. शेवटी इंजेक्शन दिलं आणि माझे डोळे मिटायला लागले. मी सिस्टरला विचारलं, काय होतं? ती म्हणाली, सूई जाओ, बेन. झोपा. जाग आली तेव्हा हे खोलीत नव्हते. दोन तासांनी आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना ओली वाळू. मी विचारलं, कुठे गेला होतात? तापीवर, म्हणाले. आणखी विचारलं, काय होतं? ते म्हणाले, झोप तू. सिस्टर तेच म्हणाली होती, हेही तेच म्हणाले. माझी खात्रीच झाली. मुलगी होती. म्हणून बोलत नाहीत.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडून रिपोर्ट शोधला. ठेवला होता तिथे तो नव्हता. गादीखाली, देवाच्या फळीवर, यांच्या डब्याच्या पिशवीत, सगळीकडे पाहिलं. नव्हता. मी यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते दहा शब्दांत सांगून मोकळे झाले असते, पण मला विचारायचंच नव्हतं. मला माझं उत्तर सापडलेलं होतं आणि ते हातून जाऊ द्यायचं नव्हतं. कारण मी स्वतः नको म्हटलं होतं, आणि ते एकटीने उचलण्यापेक्षा मला कुणीतरी फसवलं हे उचलायला हलकं होतं. म्हणून मी तुला ते पत्र लिहिलं. तू ते जपून ठेवलं असशील. त्यात मी लिहिलं होतं, आजारबिजार काही नव्हता, यांनी मुंबईला एक दिवस राहून मुलगी आहे ते काढून घेतलं, मायलेकांनी मिळून माझी पोर मारली आणि रिपोर्ट जाळून टाकला. जाळला, असं मी अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं होतं.

दिवाळीला तू इथे आलीस आणि ओट्यावर उभी राहून दाजींना बोललीस. त्यांनी तुला बस म्हटलं, पाणी आणून दिलं, तू ते प्यायली नाहीस. सासूबाई मध्ये पडायला लागल्या तर त्यांनी सासूबाईंना आत नेलं. एक शब्द बोलले नाहीत. मी दाराआडून बघत होते आणि त्यांच्या गप्प बसण्याचाही पुरावा करून घेत होते. तुझ्या लग्नात ते पंगतीत वाढायला उभे होते, दिवसभर. तू सगळ्यांच्या पाया पडलीस आणि त्यांना ओलांडून पुढे गेलीस. आपल्या आप्पांनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही.

आता गेल्या महिन्याचं. संक्रांतीनंतर डॉक्टरबेननी प्रियांकाची फाइल नवीन करायला घेतली. जुनी फार जाड झाली होती, पानं निसटत होती. मी बाकावर बसून त्यांना एकेक कागद हातात देत होते. मधेच तो कागद आला. टाइप केलेला, खाली दोन सह्या, वर माझं नाव.  मी विचारलं, हा इथे कसा? त्या म्हणाल्या, इथेच आहे की, तुमच्या मिस्टरांनी त्याच आठवड्यात आणून दिला होता, म्हणाले, घरी नको, हिच्या हाताशी लागत राहील. दोन वर्षं, दर तीन आठवड्यांनी, ती फाइल माझ्या मांडीवर असायची. मी म्हटलं, बेन, मला हा वाचून दाखवा, एक एक शब्द, आणि मग गुजरातीत सांगा. त्यांनी सांगितलं. मेजर लिहिलेलं होतं. खाली असंही लिहिलं होतं की तपासणी दोनदा केली, दुसऱ्यांदा वडिलांच्या विनंतीवरून. डॉक्टरबेनना ते सगळं माहीत होतं, तिथून त्यांना फोन आला होता. यांनी रिपोर्ट तिथेच फोडला, तिथल्या बाईंकडून वाचून घेतला, आणि मग ऐकेनात. नमुना दुसऱ्या कुणाचा असेल म्हणाले. चिठ्ठ्या बदलल्या असतील म्हणाले. ठेवलेल्या नमुन्यावर पुन्हा तपासणी करा म्हणून (नंबर लागायलाच दोन आठवडे जातात, प्रत्यक्ष तपासणी एका दिवसाची असते म्हणे) रात्रभर तिथल्या बाकावर बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर घेऊन आले. मी यांच्यावर संशय घेत होते तेव्हा हे मुंबईवर संशय घेऊन बसले होते.

तरी माझं मन पुरतं मानेना, हे तुला सांगायला हवं. घरी येताना रिक्षात मी विचार करत होते, आजार खरा, पण मुलगी असणारच. म्हणून तर हे मुकाट्याने तयार झाले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. हे पंख्याचं काहीतरी उघडून बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि दोन वर्षांनी विचारलं. तापीवर काय पुरलंत? त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आंडोर व्हता."

मुलगा होता. सिस्टरने कपड्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला होता. तिने सांगितलं नाही, त्यांनी स्वतः पाहिलं. मी रडायला लागले, आणि म्हटलं, मग सांगितलं का नाही? नूतनने एवढं ऐकवलं, मी दोन वर्षं तुमच्याकडे पाठ केली, एका शब्दात सुटला असता. ते म्हणाले, मायला कळलं असतं तर तिने तुला जगू दिलं नसतं. तुला कळलं असतं तर तू त्याला नाव ठेवलं असतंस. मी म्हटलं, पण मी तुम्हाला खोटं समजत होते. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलगा होता म्हणून मी खरा झालो ना आता? अन् मुलगी असती तर?"

 मला पक्कं माहीत आहे, ती मुलगी असती, आजार तोच असता, रिपोर्ट तोच असता, आणि त्यांनी केलं असतं तेही हेच असतं, तरी मी त्यांच्यावर मरेपर्यंत विश्वास ठेवला नसता. ते खरे होते ते मुलगा निघण्याआधीच. मला ते तेव्हा दिसायला हवं होतं. त्यांचं मी काय केलं, हे ते कधी बोलून दाखवत नाहीत. पण आता जेवताना एखादवेळी दोन गोष्टी बोलतात. पूर्वी किती बोलायचे ते मी विसरलेच होते.

आम्ही केलं ते बरोबर होतं का, हे तू मला विचारशील. मी तुला खरं तेच सांगेन, मला माहीत नाही. त्या रविवारी आम्ही बोलत होतो तेव्हा प्रियांका पलीकडे रंगवत बसली होती. आम्हाला वाटलं तिचं लक्ष नाही. दोन दिवसांनी शाळेचे बूट घालताना तिने विचारलं, मम्मी, माझी तपासणी केली नव्हती? मी म्हटलं, नाही बेटा, तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. ती बुटाचा बंद ओढत म्हणाली, "तो सारुं थयुं ने." मग बरंच झालं की. आणि दप्तर घेऊन गेली. मी दिवसभर एक खडासुद्धा चिकटवू शकले नाही. हो, बरंच झालं. ही पोर आहे हे बरंच झालं, आणि त्या दिवशी मी नको म्हटलं तेही मी परत घेत नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. माझ्यात त्या राहतात.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. शुक्रवारी तुझ्या भूपेंद्ररावांचं पत्र आलं, तुझ्या दाजींच्या नावाने, कारखान्याच्या पत्त्यावर. तुला न सांगता लिहिलंय, आणि घरातल्या कुणालाही न सांगता. तुला तिसरा महिना लागलाय हे मला त्यांच्याकडून कळावं, याचं वाईट वाटलं, पण आखाजीला मीही तेच केलं होतं. त्यांनी लिहिलंय की बहिणीच्या मुलीला मेजर आहे हे ऐकून डॉक्टरांनी तुमचं दोघांचं रक्त तपासायला सांगितलं, आणि तू नाही म्हणतेस. तू बघून तरी तयार होशील म्हणून त्यांनी आधी आपलं तपासलं, आणि त्यांचं मायनर निघालंय. तरी तू दंड पुढे करत नाहीस. म्हणतेस, आधी रक्त, मग मुंबई, मग मुलगी निघाली की पोट खाली करा, माझ्या ताईचं काय केलं ते मला ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू, पत्र वाचून माझ्याही मनात आधी हेच आलं, की भूपेंद्ररावांना एवढी घाई कसली? सवय लागलीय ना. दाजींनी मला पत्र दुसऱ्यांदा वाचायला लावलं. त्यात कुठेही बाळ नको असं लिहिलेलं नाही. लिहिलंय, आम्हाला माहीत तरी असू द्या. नूतन, तुझ्या ताईचं कुणी काही केलं नव्हतं. मी तुला लिहिलं ते मला माहीत नव्हतं, आणि मी ते माहीत असल्यासारखं लिहिलं. ते पत्र फाड. आंडोराचं तुला सांगायला मी दाजींना विचारलं, ते म्हणाले, त्याने तिचा उपयोग होणार असेल तर लिही, पण एवढ्याचसाठी माझ्यावर विश्वास ठेव म्हणू नको. तसं मी म्हणत नाही. तुझं रक्त चांगलं निघालं तर प्रश्नच मिटला. नाही निघालं तर ठेवायचं की नाही हे तू आणि भूपेंद्रराव ठरवा. मी त्यात पडणार नाही, आणि जे ठरवाल त्याला वाईट म्हणणार नाही. फक्त ठरवताना त्यांच्यावर संशय आला तर तोंडावर विचार, त्याच दिवशी विचार. मी सोमवारी सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने अमळनेरला येतेय, प्रियांकाला दाजी सांभाळतील. तुझ्याबरोबर रक्त द्यायला बाकावर बसेन. दार उघडलं नाहीस तरी मी परत जाणार नाही, ओट्यावर बसून राहीन, कारण तुझ्या हातातले दिवस मी वाया घालवलेत आणि ते थोडेच उरलेत.

तुझीच,
वर्षाताई